ब्रेक दाबला की स्टेअरिंग थरथरतं: घरच्या घरी केलेल्या दुरुस्तीच्या नोंदी

२२ सप्टेंबर २०२४, रविवार

गाडी नऊ वर्षांची पेट्रोल हॅचबॅक, पुढे डिस्क ब्रेक, मागे ड्रम ब्रेक, एबीएस (जोराच्या ब्रेकला चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) नाही. राहायला गोव्यात साखळीला, गाडी बारा महिने अंगणात, वरचं पत्र्याचं छप्पर जेमतेम अर्ध्या बॉनेटपर्यंत येतं.

तक्रार अशी की ८० च्या स्पीडला हलका ब्रेक दाबला की स्टेअरिंग डावी-उजवीकडे थरथरतं आणि पायाखाली पेडल ठोके देतं, गाडी हळू होत जाते तसे ठोके पण हळू होत जातात, म्हणजे चाकाच्या फेऱ्याशी बांधलेले आहेत. काल बेळगावहून येताना चोर्ला घाट उतरलो तेव्हा अंजुणे धरणाच्या आसपास पोचेपर्यंत एवढं वाढलं की मागे बसलेली आई विचारायला लागली, अरे चाक तर सुटत नाही ना.

आता मुख्य गोष्ट. मार्चमध्ये याच तक्रारीसाठी पुढच्या दोन्ही डिस्क (चाकाबरोबर फिरणारी लोखंडी चकती) आणि पॅड (तिला दोन्हीकडून दाबणारे ठोकळे) नवे घातले होते, बाहेर गॅरेजमध्ये. चार-पाच महिने लोण्यासारखा ब्रेक, गणेश चवथीच्या धावपळीत थरथर परत चालू. गॅरेजवाला म्हणतो, "बाब, घाटात डिस्क तापली, वर पावसाचं पाणी पडलं, वाकली. परत बदलूया." जो भेटतो तो हेच सांगतो. पण मार्चची जुनी डिस्क पण वाकली आणि नवीन पण वाकली, आणि दोन्ही वेळा थरथर सारखीच, हे मला पटेना. परत साडेतीन हजार घालण्याआधी यावेळी स्वतः बघायचं ठरवलं.

आज फक्त चालवून केलेल्या तपासण्या. ब्रेक न लावता ८०-९० ला गाडी एकदम गप्प, म्हणजे व्हील बॅलन्सिंगचा विषय नाही. मग रिकाम्या सरळ कोरड्या रस्त्यावर ४० च्या स्पीडला हँडब्रेक हळूहळू वर ओढला, बटण दाबून धरूनच, म्हणजे कधीही सोडता येतो. हँडब्रेक फक्त मागच्या ड्रमवर काम करतो, त्यामुळे ठोके मागचे असतील तर इथेच कळतं. काहीच नाही, गाडी गुळगुळीत हळू झाली. मागच्या ड्रमवरचा संशय गेला, आता फक्त पुढचं बघायचं. ही टेस्ट ओल्या रस्त्यावर किंवा मागून कोण येत असेल तर करू नका, चाक लॉक झालं तर गाडी मागून फिरते.

ज्यांच्या गाडीत एबीएस आहे त्यांनी एक लक्षात ठेवा, जोरात ब्रेक मारल्यावर किंवा रेतीवर जी कर्रकर्र पेडलला लागते ती एबीएसची स्वतःची असते. आपली तक्रार हलक्या ब्रेकला पण येते.

२८ सप्टेंबर, शनिवार

पाऊस जायचं नाव घेत नाही. ताडपत्री बांधून काम.

चाकाचे नट सोडतानाच पहिला पुरावा मिळाला. उजव्या चाकाचे दोन नट पान्यावर उभं राहून सोडावे लागले आणि एक नट एका हाताने सुटला. मागे पंक्चर काढलं तेव्हा पंक्चरवाल्याने हवेच्या गनने टरररर करून आवळले होते, तेव्हा मी पण बघत उभा होतो आणि काही बोललो नाही. एक नट जास्त एक कमी असं आवळलं की डिस्क हबवर (चाक आणि डिस्क ज्यावर बसतात तो मधला फिरणारा भाग) वाकडी दाबली जाते.

मागच्या चाकांना दगड, जॅक, आणि जॅकच्या भरवशावर न राहता खाली घोड्या (गाडी टेकवायचे लोखंडी स्टँड). चाक काढायच्या आधी टायर वर-खाली धरून हलवून बघितला, बेअरिंगला खेळ नाही. असता तर इथेच थांबून आधी बेअरिंग बदलावं लागलं असतं, कारण बेअरिंग ढिलं असताना पुढचं कुठलंच माप खरं येत नाही.

कॅलिपर (पॅड धरून डिस्कवर दाबणारा भाग) काढून तारेने स्प्रिंगला टांगला, ब्रेकच्या नळीवर लोंबकळत सोडू नका. डाव्या बाजूची डिस्क दोन थापट्यांत बाहेर आली. उजवी जागची हलेना. डिस्कला बहुतेक दोन आटे पाडलेली भोकं असतात, माझ्या गाडीला ८ एमएमचे बोल्ट बसतात, दोन्ही बोल्ट थोडे थोडे आळीपाळीने आवळत गेलं की डिस्क स्वतःच हबवरून ढकलली जाते. माझ्या भोकांत गंज इतका की बोल्टच जाईना. डब्ल्यूडी-४० (गंज सोडवायचा स्प्रे) मारून चहा, परत मारून जेवण, मग टॅपने (आटे पाडायच्या हत्याराने) आटे साफ केले आणि चार वाजता कुठे ती टक्क आवाज करून सुटली. हातोडा मारायचा मोह आवरा, एक तर बेअरिंगला बसतो आणि दुसरं म्हणजे मग डिस्क आधीपासून वाकडी होती की तुम्ही केली ते कळायचं नाही.

सहा महिन्यांची डिस्क इतकी धरते म्हणजे खाली काहीतरी होतं. हबवर गंजाचा थर, तव्याला धरलेल्या काजळीसारखा, स्टडच्या (ज्यांवर चाकाचे नट बसतात ते हबवरचे बोल्ट) मुळाशी सगळ्यात जाड. मार्चमध्ये नवीन डिस्क याच्यावरच चढवली होती असं दिसतं. आज साफ केलं नाही, मुद्दाम. आधी मापायचं आहे. डिस्कवर खडूने आणि हबच्या एका स्टडवर रंगाने खूण करून होती तशीच परत बसवली.

२ ऑक्टोबर, बुधवार

गांधी जयंतीची सुट्टी. डायल गेज (डिस्क फिरताना किती आत-बाहेर डोलते ते एमएममध्ये काट्यावर दाखवणारं माप) आणि लोहचुंबकाचा स्टँड ऑनलाइन मागवला होता तो आला, १,७५० रुपये. मायक्रोमीटर ० ते २५ एमएमचा, ९५० रुपये.

आधी डिस्कची जाडी. व्हर्नियर वापरू नका, डिस्कच्या बाहेरच्या कडेला न झिजलेली धार राहते, व्हर्नियरचे जबडे तिच्यावर बसतात आणि तुम्ही धारेचीच जाडी मोजता. मायक्रोमीटरने कडेपासून १० एमएम आत, गोलात आठ ठिकाणी. डावी डिस्क सगळीकडे १६.७ च्या आसपास, फरक ०.०१ च्या आतला. उजवी एका बाजूला १६.६३ आणि समोरच्या बाजूला १६.६०. म्हणजे ०.०३ चा फरक. ऐकायला काहीच नाही, पण पेडलला ठोके जाणवायला ०.०२ पण पुष्कळ होतात. नवीन असताना १७, आणि डिस्कवर कोरलंय कमीत कमी १५, म्हणजे जाडी भरपूर आहे.

मग डायल गेज, आणि इथे दोन तास गेले. पहिल्या फेरीला रीडिंग ०.३, दुसऱ्या फेरीला ०.१२, तिसऱ्याला काहीतरी तिसरंच. डिस्क नुसती हबवर ठेवलेली होती आणि फिरवताना हलत होती, हे कारण. चाक नसताना नट सरळ डिस्कला लागत नाहीत, म्हणून प्रत्येक स्टडवर जाड वॉशर घालून नट सारखे आवळावे लागतात, तेव्हा ती चाक बसवल्यासारखी घट्ट बसते. तरी काटा उड्या मारत होता, तर स्टँडचा चुंबक शॉक ॲब्सॉर्बरच्या गोल नळीवर नीट धरत नव्हता. खाली नकलच्या (हब ज्यात बसतो तो न फिरणारा भाग) सपाट जागेवर गंज घासून लावला तेव्हा काटा स्थिर झाला. गिअर न्यूट्रल, डिस्क हाताने सावकाश फिरवायची, आणि तीन फेऱ्यांना तेच रीडिंग आलं तरच लिहून घ्यायचं.

डावी बाजू ०.०५. उजवी बाजू ०.१७.

बहुतेक गाड्यांना ०.१० च्या वर चालत नाही आणि चांगलं म्हणजे ०.०५ च्या आत. तर उजवी बाजू गुन्हेगार हे नक्की. पण ०.१७ हा डोल डिस्कचा की हबचा, ते यावरून कळत नाही. सगळ्यात जास्त काटा जिथे गेला तिथे डिस्कवर खडूने खूण केली, ती रंगवलेल्या स्टडच्या अगदी जवळ आली.

६ ऑक्टोबर, रविवार

काल उजवी डिस्क डिचोलीला एका लेथवाल्याकडे नेली, जाडीतला फरक घालवायला फेसिंग (दोन्ही तोंडं सपाट कापणं) करून हवं होतं. त्याने बसवायची आतली बाजू घासून साफ केली, मशीनवर चढवली आणि हत्यार लावायच्या आधी स्वतःचा गेज लावला. फिरवून बघितलं आणि म्हणाला, "डिस्क सरळ आसा तुमची." रीडिंग ०.०३. मग दोन्ही बाजूंनी अगदी हलका पास मारला, १६.४ वर आली, जाडी सगळीकडे सारखी. ३०० रुपये. त्याने आधी माप घेतलं हे मला फार आवडलं, न मापता कापणारेच जास्त भेटतात.

आज ती मुद्दाम हबला हात न लावता परत बसवली. नुकतीच लेथवरून आलेली, डोळ्यांदेखत सरळ निघालेली डिस्क. रीडिंग ०.१६.

मग नट काढून डिस्क हबवर अर्धा फेरा फिरवून बसवली. ही या सगळ्या कामातली सगळ्यात उपयोगी टेस्ट आणि खर्च शून्य. उंच जागा डिस्कबरोबर फिरली तर दोष डिस्कचा, त्याच स्टडजवळ राहिली तर दोष हबचा. जुनी खडूची खूण अर्धा फेरा सरकली, पण काट्याचा उंच बिंदू हलला नाही, रंगवलेल्या स्टडच्या जवळच.

म्हणजे मार्चमध्ये साडेतीन हजारांच्या डिस्क गंजावर बसवल्या गेल्या. गंजाने उजवी डिस्क किंचित तिरकी बसली, तिरकी डिस्क प्रत्येक फेऱ्याला पॅडला एकाच जागी घासत राहिली, ब्रेक न लावता पण, आणि हजारो किलोमीटर असं घासून ती जागा पातळ झाली. ठोके जाणवतात ते त्या पातळ जागेचे. म्हणूनच नवीन घातल्यावर चार-पाच महिने सगळं छान वाटतं आणि मग लोक डिस्कच्या क्वालिटीला शिव्या घालतात. हबवरचा थोडासा गंज डिस्कच्या कडेपर्यंत जाताना मोठा होतो, हब लहान आणि डिस्क मोठी, त्यामुळे हबच्या कडेला ०.०५ चा थर असला तर जिथे पॅड धरतात तिथे ०.०८-०.०९ होतो.

१२ ऑक्टोबर, शनिवार, दसरा

सकाळी पूजेला गाडी घोड्यांवर, उजवं चाक बाजूला भिंतीला टेकवलेलं. बाबा म्हणाले तीन चाकांच्या गाडीची पूजा आयुष्यात पहिल्यांदा बघतोय. झेंडूचा हार बॉनेटला घातला, एक माळ टेकवलेल्या चाकाला पण, आणि हत्यारं मांडायला वेगळी काढावी लागली नाहीत, सगळी तिथेच पसरली होती.

दुपारी हब. ड्रिल मशीनला वायरचा कप ब्रश लावून सपाट भाग दहा मिनिटांत चमकला. पण खरा थर स्टडच्या मुळाशी, आणि तिथे ब्रश पोचतच नाही. यासाठी बाहेर खास हत्यार मिळतं, माझ्याकडे नव्हतं, मग स्टडवर सैल बसेल अशा लोखंडी पाइपचा तुकडा घेतला, त्याच्या तोंडाला एमरी पेपरची चकती मधे भोक पाडून चिकटवली, आणि हाताने पिळत चारही स्टडभोवती फिरवली. चकती दर पाच मिनिटांनी उडते, परत चिकटवायची. कंटाळवाणं काम आहे, पण ग्राइंडर लावू नका, ग्राइंडर गंजाबरोबर हबचं लोखंड पण खातो आणि मग तो उतार कायमचा. डिस्कची आतली बाजू लेथवाल्याने साफ केली होतीच, तिच्यावर परवाच्या बसवण्याने नवीन भुगा चिकटला होता तो काढला. मधल्या भोकाच्या कडेचा गंज पण खरवडा, डिस्क चढवताना तिथलीच खपली निघून मधे अडकते.

आता गेज सरळ हबवर लावला, ०.०२. डिस्क चढवली, ०.०६. चार स्टड म्हणजे डिस्क चार प्रकारे बसते, चारही करून बघितलं: ०.०६, ०.०९, ०.०४, ०.०७. तिसरी जागा पक्की केली आणि डिस्कवर न पुसणारी खूण केली, पुढच्या वेळी कोणी काढली तर तशीच बसायला हवी.

डाव्या बाजूला पण तेच सगळं केलं, ती ०.०५ वरून ०.०३ वर आली.

१३ ऑक्टोबर, रविवार

जोडणी. उजव्या कॅलिपरची खालची पिन (कॅलिपर जिच्यावर सरकतो ती) कोरडी ठणठणीत, हाताने सरकत नव्हती, आणि आतला पॅड बाहेरच्यापेक्षा स्पष्ट जास्त झिजलेला. पिनच्या रबरी टोप्या फुगलेल्या, कोणीतरी साधं ग्रीस घातलं असणार. साध्या पेट्रोलियम ग्रीसने हे रबर फुगतं, ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस वेगळं मिळतं ते घ्या. टोप्यांचा किट १८० रुपये, ग्रीसची ट्यूब १५०. म्हापशाला पार्टच्या दुकानात मिळालं.

पॅड नवीन घातले, १,३०० रुपये. जुन्यांत जीव होता, पण एकीकडे उतार घेऊन झिजलेले पॅड नुकत्याच सपाट केलेल्या डिस्कवर लावायची इच्छा झाली नाही. डिस्क ब्रेक क्लीनरने पुसली, ग्रीसचा हात लागला असेल तर पॅड त्याच दिवशी फुकट जातात. कॅलिपरमधला पिस्टन (पॅडला ढकलणारा दट्ट्या) आत ढकलताना ब्रेक ऑइलच्या डब्यावर लक्ष ठेवा, वर येऊन सांडलं तर रंग खातं. हबवर फक्त मधल्या गोल ओठाला कॉपर ग्रीसचं बोट फिरवलं, सपाट तोंडावर काही लावलं नाही.

नट टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोराने आवळायचा पाना), आमच्या मॅन्युअलमध्ये ८५ न्यूटन-मीटर आहे, तुमचा तुम्ही बघा. समोरासमोरचे क्रमाने, आधी चारही ४० वर, मग ८५ वर. टॉर्क रेंच मित्राचा, विकत घ्यायचा तर दोन-अडीच हजार. गाडी सुरू करायच्या आधी पेडल घट्ट होईपर्यंत पाच-सहा वेळा दाबायचं, पिस्टन मागे ढकललेले असतात, पहिल्या दाबाला पेडल सरळ खाली जातं आणि गाडी थांबत नाही. अंगणातून थेट रस्त्यावर उतरणाऱ्यांनी हे दोनदा वाचा.

१४ ऑक्टोबर, सोमवार

सहाच्या आधी उठून नवे पॅड डिस्कवर रुळवायला गाडी बाहेर नेली. ६० वरून २० पर्यंत मध्यम ब्रेक, पूर्ण थांबायचं नाही, परत ६०, असं आठ-दहा वेळा. मग ब्रेक न लावता दहा मिनिटं चालवून थंड. तापलेल्या डिस्कवर पॅड दाबून उभं राहिलं तर पॅडचा थर त्या जागी छापल्यासारखा चिकटतो आणि ठोके परत. घाट उतरून खाली चेकपोस्टवर ब्रेक दाबून उभे राहणारे आपण सगळेच. सपाटीवर असाल तर हँडब्रेक लावा आणि पाय काढा.

८० वरून ब्रेक: गप्प. स्टेअरिंगवर दोन बोटं ठेवून बघितलं.

२० ऑक्टोबर

शंभरेक किलोमीटर झाल्यावर नट परत तपासले. उजवीकडचा एक पाव फेरा घेतला, बाकी जागच्या जागी. दुसरं काही नाही.

१५ डिसेंबर, रविवार

दोनेक हजार किलोमीटर झाले. चाक काढून परत मापलं, कारण मार्चनंतर पण सुरुवातीला सगळं छानच होतं, नुसत्या चालवण्यावर विश्वास नाही. उजवीचा डोल ०.०५, जाडीतला फरक ०.०१ च्या आत. डावी ०.०३. मागच्या आठवड्यात चोर्ला चढून उतरलो, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये, ब्रेक मोजका. आई मागे झोपली होती.

खर्चाचा हिशोब. गेज आणि मायक्रोमीटर मिळून २,७०० (पुढे कायम कामाला येतील), पॅड १,३००, लेथ ३००, टोप्या आणि ग्रीस ३३०, क्लीनर, एमरी, कप ब्रश वगैरे पाचशेच्या घरात. सव्वापाच हजाराच्या आसपास झाले, म्हणजे परत डिस्क-पॅड घालण्यापेक्षा स्वस्त पडलं असं म्हणता येणार नाही. हत्यारं सोडून मोजलं तर अडीच हजार. गेज कोणाकडे मिळत असेल तर मागून आणा, नसेल तर निदान हब तरी घासा. हब न बघता नवीन डिस्क घालू नका आणि गॅरेजमध्ये घालत असाल तर समोर उभं राहून हब घासून घ्या, ते कंटाळा करतात.

आपल्याकडे जून ते सप्टेंबर गाडी दोन आठवडे उभी राहिली तरी डिस्कवर पॅडच्या आकाराचा गंजाचा ठसा पडतो. तो थोडा चालवला की बहुतेक वेळा जातो, त्यासाठी डिस्क काढायला धावू नका. पुढच्या पावसाआधी एकदा मे महिन्यात चाकं काढून हबच्या कडा बघणार.

२३ फेब्रुवारी २०२५, रविवार

माझ्या गाडीचं काही नवीन नाही, ब्रेक शांत. शेजारच्या दादाने गेज मागितला, त्याची पण गाडी ठोके देते म्हणून. गेज द्यायच्या आधी त्याला घेऊन हँडब्रेकची टेस्ट केली, तर ४० ला हँडब्रेक ओढल्याबरोबर सीटखाली धडधड, स्टेअरिंग मात्र एकदम स्थिर. मागचे ड्रम अंडाकृती झालेत. ड्रमच्या आत कोरलेलं जास्तीत जास्त व्यासाचं माप बघून, तेवढं लोखंड शिल्लक असेल तरच आतून कापून मिळेल, नाहीतर नवीन. शनिवारी दोन्ही ड्रम काढून डिचोलीला त्याच लेथवाल्याकडे नेणार आहोत.